सात चिठ्ठ्यांचा चहा

मी एकदा सात माणसांची कामं शेगडीत घातली, त्यावर चहा केला आणि दोन कप प्यायले. वर स्वतःलाच म्हणाले, "आज आलं अगदी बरोबर पडलंय."

हे मी आजपर्यंत घरात कुणाला सांगितलेलं नाही. घरात माझी ख्याती निराळी आहे. आजीच्या डब्यांवर नावं, आजीच्या गोळ्या वारांप्रमाणे, आजीचं कधी काही राहत नाही. सुनेला वाटतं मी जन्मालाच अशी आले. वाटू द्या.

परवा नात वाळूजच्या कंपनीतून आली ती चपला काढायच्या आधीच फोन बघून म्हणाली, "आजी, आज माझी अकरा कामं लाल झाली गं." कामं लाल होतात हे मला नवीन होतं. तिनं दाखवलं. त्या फोनात तिच्या सगळ्या कामांची यादी; वेळेत केलं की हिरवं, राहिलं की लाल, आणि तासातासाला टुंग करून तो तिला सांगणार की तू मागं पडलीस. डोक्याचा ताण कमी व्हावा म्हणून घेतलंय म्हणे. मी म्हटलं, "बाळा, सासू बरी. ती निदान दुपारी झोपते तरी."

ती हसली, मी पण हसले, आणि मला मुन्शीजी आठवले. त्यांचं नाव होतं, चांगलं चारचौघांसारखं होतं, पण ते कचेरीत कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही.

पोलीस ॲक्शनला तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य गेलं, पाट्या बदलल्या, कचेरीतली भाषा मराठी झाली. पण जुन्या कागदांना कुणी सांगावं की बाबांनो, आता मराठीत या? ते आपले उर्दूतच राहिले, लाल कापडाच्या बस्त्यांत गाठ मारून, छतापर्यंत. कोण कधी जन्मलं, कुणाच्या नावे कुठली जमीन, कोण किती शिकलं, सगळं त्या खोलीत. खोलीला मुहाफिजखाना म्हणत. ज्याला जुना दाखला लागे तो तिथं येई, आणि तो दाखला शोधून, वाचून, मराठीत उतरवून देणारा माणूस आमच्या कचेरीत एकच उरला होता. तेच मुन्शीजी. काळी टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट, उन्हाळ्यातसुद्धा. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं; मराठी बोलायचे झरझर आणि लिहायचे मात्र एक डोळा बारीक करून, एकेक अक्षर बसवत, सोनार खडा बसवतो तसं.

त्यांच्या हाताखाली मला नेमलं. मी वीस वर्षांची, नवं लग्न, मनगटावर सासरकडचं घड्याळ. मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाल्याचं दिवसातून दोनदा तरी बोलण्यात यायचं. कुणी विचारत नसे, मीच वळवत असे. माझ्याकडं एक डायरी होती. तीत अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक. "पहाटे पाच ते साडेपाच : चिंतन" अशी सुरुवात. कशाचं चिंतन करायचं ते ठरवायचं राहून गेलं, कारण पाचला मी कधी उठलेच नाही. कामांची यादी मात्र फार देखणी. तांबड्या शाईत आकडे, निळ्या शाईत काम, पुढं चौकोन. एकदा यादीत सदतीस कामं झाली. तेव्हा पहिलं काम मी असं घेतलं की यादी नव्या वहीत सुवाच्य उतरवायची. संध्याकाळपर्यंत तेवढं एक झालं आणि मी समाधानानं घरी गेले.

मुन्शीजींनी ती डायरी एकदा हातात घेतली, पानं चाळली आणि परत दिली. "बाईसाहेब, लई सुंदर. पण ह्यात काम कोन करनार?"

ते मला बाईसाहेब म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची स्वतःची व्यवस्था अशी. आमची टेबलं समोरासमोर, आणि दोन टेबलांच्या मधोमध एक सुतळी आडवी बांधलेली, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत. तिच्यावर कपडे वाळवायचे लाकडी चिमटे. एक काम, एक चिठ्ठी, एक चिमटा. नवं काम आलं की एका टोकाला टांगायचं. कागद सापडला की त्या चिठ्ठीवर बस्त्याचा नंबर आणि पान टिपायचं. नक्कल लिहून झाली की चिमटा पुढं सरकवायचा, सहीला गेली की आणखी पुढं, आणि माणूस कागद घेऊन गेला की चिठ्ठी दुसऱ्या टोकाला. नव्या कामाच्या टोकाला चिमटे सातच. आठवा माणूस आला की मुन्शीजी त्याला सरळ सांगत, "आज नाय. एक सरकलं की तुमचं टांगतो." माणूस चिडे. मग ते म्हणत, "नाय म्हनायची मला शरम नाय. व्हय म्हनून इसरायची हाय."

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. बारा वाजता मुन्शीजी पूर्ण झालेल्या टोकाच्या चिठ्ठ्या काढत, व्हरांड्यात जात (खोलीत विस्तवाला बंदी होती), आणि त्या चिठ्ठ्यांनी शेगडीतले कोळसे पेटवून चहा ठेवत. "आज नऊ कामांचा च्या हाय, बाईसाहेब," असं म्हणून कप पुढं करत. एका शनिवारी दोनच कामं झाली होती. कोळसे काही पेटेनात. ते म्हणाले, "बघा, च्याला बी समजलं."

डोक्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म होता. "डोकं सराय हाय, बाईसाहेब. मुसाफिर आला, पानी पेला, निंगाला. त्याला तिथं चूल मांडू दिऊ नका." घरच्या कामाची चिठ्ठी टोपीच्या आत असे. घरी गेले की टोपी काढायची, चिठ्ठी पडायची, ती बायकोनं उचलायची. त्यांच्या बायकोनंच हे मला सांगितलं. एकदा म्हणे चिठ्ठीवर लिहिलं होतं, "दोडके." बाई म्हणाल्या, आणलेत कुठं? तेव्हा हे म्हणाले, "आनायचे असं कुठं लिवलंय?" आणि टोपी घालून परत गुलमंडीच्या बाजारात गेले.

आमच्या साहेबांनी एका सकाळी सगळ्यांना बोलावून एक विनोद सांगितला. साहेबांचा विनोद म्हटल्यावर आम्ही सगळे हसलो, मी तर जरा जास्तच. मुन्शीजी मात्र तेव्हा एका फाटक्या पानावरची ओळ लावत होते. त्यांनी मान वर केली, एक चिठ्ठी लिहिली, चिमट्याला लावली आणि परत मान खाली घातली. दुपारी साडेचारला ती चिठ्ठी काढली, वाचली आणि हसायला लागले. एकटेच. चष्मा काढून डोळे पुसले, तरी हसतायत. शेजारच्या खोलीतून साहेब धावत आले, काय झालं म्हणून. "काय नाय साहेब, सकाळचा लतीफा. आत्ता सवड झाली." आणि चिमटा सरकवला.

भिंतीवर एक वेगळा खिळा होता. त्याला जुमेरातीचा खिळा म्हणत. चिंता, राग, अपमान, बायकोशी भांडण, जे काही मनाला कुरतडेल ते लिहून त्या खिळ्याला अडकवायचं आणि गुरुवारी जेवणानंतर काढून वाचायचं. गुरुवारच का? तर म्हणे सोमवारी माणूस नव्या दमानं रागावतो आणि शनिवारी घाईघाईनं. गुरुवारचा राग बेताचा असतो. एकदा जावक कारकून त्यांना सगळ्यांदेखत काहीतरी लागट बोलला. गुरुवारी मुन्शीजी चिठ्ठी घेऊन त्याच्या टेबलापाशी उभे राहिले. "साहेब, सोमवारी तुमी मला कायतरी बोलला. आज मी रागावायला आलो. पन काय बोलला ते लिवायचं राहिलं. तुमाला आठवतंय का?" तो बिचारा इतका ओशाळला की त्यालाच वाईट वाटलं, आणि मुन्शीजी त्याचं सांत्वन करून परत आले.

मी हे सगळं सहा महिने समोरून बघत होते आणि घरी जाऊन नकला करत होते. आमच्या ह्यांना फार हसू यायचं. खरं सांगते, मला ते दोरीचं प्रकरण अडाणीपणाचं वाटे. डायरी असताना सुतळी? मला वाटे, एक दिवस ही खोली माझ्या हातात येऊ दे, मग दाखवते.

तो दिवस आला. परभणीला भाचीचं लग्न निघालं आणि मुन्शीजींनी चार दिवसांची रजा टाकली.

त्याच सुमाराला सुभद्रा यायची. चिकलठाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, सातवी पास, सावळी, ठेंगणी, आणि जीभ अशी की तिच्यावर सुपारी कातरावी. तिला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला जायचं होतं. अर्ज घेणाऱ्यांनी तिची उंची बघून वयाचा पुरावा मागितला: सतरा पूर्ण झाल्याचा कागद आण, नाहीतर अर्ज घेणार नाही. तिचा जन्म पोलीस ॲक्शनच्या आधीचा, म्हणजे नोंद गावच्या जुन्या वहीत, उर्दूत, आमच्या खोलीत. आणि बापानं तिला मुदत घातलेली. अर्जाचा शेवटचा दिवस बुधवार. बुधवारी पाचच्या आत अर्ज गेला तर जा, हो नर्सबाई. नाही गेला तर करमाडच्या पाहुण्यांना होकार कळवतो, ह्याच वैशाखात उरकून टाकतो.

"पाहुणा बघितलास का तू?" मी विचारलं होतं.

"बघितला की. गाडीतून उतरताना त्याला तिघांनी धरलं."

ती रोज येऊन व्हरांड्यात बसायची आणि खिडकीतून माझ्यावर नजर ठेवायची. "बाई, तुमी लिहिता कवा? सकाळपून पेन्सिलीलाच टोक करू राह्यल्या." मला ती मुळीच आवडायची नाही.

रजेवर जायच्या दिवशी मुन्शीजींना तिची नोंद सापडली. त्यांनी बस्ता, पान, ओळ चिठ्ठीवर टिपली, चिमट्याला लावली आणि तिला सांगितलं, "सोमवारी ये. मी आलो की नक्कल लिवतो, सही घेतो, बुधवारच्या आत कागद तुझ्या हातात." मला म्हणाले, "बाईसाहेब, नवं काय टांगू नका, वहीत नोंदवून ठिवा. शनिवारी झालेल्या कामांचा च्या करून घ्या. बास." आणि टोपी घालून गेले.

मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. माझी खुर्ची चांगली होती, पण त्यांच्या खुर्चीला हात होते. हात असलेल्या खुर्चीत बसल्यावर माणसाला आपोआप खाकरावंसं वाटतं. मी खाकरले. दोन माणसांना "उद्या या" म्हणाले. शनिवार आला. बारा वाजले. मी दिमाखात उठले, सहा महिने दर शनिवारी बघत होते तसं दोरीच्या उजव्या टोकाच्या चिठ्ठ्या काढल्या, सात होत्या, आणि व्हरांड्यात जाऊन कोळसे पेटवले.

आता बघा. मुन्शीजी उर्दू शिकलेले. त्यांचं सगळं उजवीकडून सुरू होऊन डावीकडं संपे. दोरीसुद्धा. नवं काम त्यांच्या उजव्या हाताला, झालेलं डाव्या. मी बसायची समोर, म्हणून मला ते उलटं दिसे. माझ्या लेखी झालेलं काम उजव्या टोकाला. आणि आता मी त्यांच्या खुर्चीत. खुर्ची फिरली, मी फिरले, पण माझं उजवं काही फिरलं नाही. चिठ्ठ्या उर्दूत, मला एक अक्षर येत नाही. झालेली कामं डाव्या टोकाला तशीच लोंबकळत राहिली, आणि जी सात अजून व्हायची होती त्यांच्यावर मी चहा केला. आलं घालून.

सोमवारी मुन्शीजी आले. दोरीकडं बघितलं. टोपी काढली, परत घातली.

"बाईसाहेब, शनिवारचा च्या कसा झाला?"

"फर्स्ट क्लास!"

"किती कप?"

"दोन."

"सात मानसं पेलात तुमी," ते म्हणाले आणि आपल्या उजव्या हाताच्या मोकळ्या चिमट्यांवरून एकेक बोट फिरवलं.

कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा पायाखालची फरशी गेली. तरी मी म्हणाले, "पण तुम्हाला आठवत असेल ना? बस्ता, पान?"

"मला कसं आठवंल? आठवायला लागू नये म्हनून तर लिवलं."

वहीत अर्ज होते, नावं होती. पण दोन-अडीच महिने धूळ खाऊन शोधून काढलेला कुठला कागद कुठल्या बस्त्यात, ते फक्त त्या चिठ्ठ्यांवर होतं. मी रडायला लागले. त्यांनी चिठ्ठी ओढली, काहीतरी लिहिलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. "तुमच्यावर रागवायचंय. पन आज सवड नाय. जुमेरातीला बघू. डोळे पुसा, बस्ते काढा."

तेवढ्यात खिडकीत सुभद्रा. "झालं का माझं?"

आणि मी, मॅट्रिकला पहिला वर्ग, म्हणाले, "सहीला गेलंय."

ती व्हरांड्यात जाऊन बसली. मुन्शीजी बस्त्याची गाठ सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "हे जे तिला सांगितलं, ते कुठल्या चिमट्याला लावू?"

व्हरांड्यापर्यंत आठ पावलं होती. मी ती चालत गेले आणि तिला सगळं सांगितलं. खुर्ची, उजवं-डावं, चहा. आल्याचं तेवढं सांगितलं नाही. वाटलं आता ही कचेरी डोक्यावर घेणार, साहेबांकडं जाणार, माझी नोकरी गेली. ती माझ्याकडं बघत राहिली. चेहरा उतरला तो मला दिसला. एकदाच, आणि लगेच सावरला. मग पदर खोचला.

"गठुडे कुठं ठिवलेत? दावा."

त्या भागाचे बस्ते एकावन्न. वाचता येणारा माणूस एक. मुन्शीजींनी एका कागदावर गावाचं नाव उर्दूत मोठं काढून आम्हा दोघींना दिलं. "हे अक्षर समजू नका. चित्र समजा. असं चित्र दिसलं की मला हाका मारा." मी दर दहा मिनिटांनी हाक मारत होते. ते उठून येत, बघत आणि म्हणत, "हे गाव नाय. ही शाई सांडल्याली."

मंगळवारी दुपारपर्यंत वीस बस्ते झाले. नाकातोंडात धूळ, सुभद्राच्या भुवया पांढऱ्या. मी मुन्शीजींना विचारलं, सगळंच चिठ्ठीवर ठेवायची ही सवय लागली कशी? ते पान उलटत म्हणाले, "त्या गडबडीच्या सालात, पोलीस ॲक्शनच्या टायमाला, एका मानसाचं एक काम डोक्यात ठिवलं व्हतं. राहिलं."

"कुणाचं?"

"लिवलेलं नाय ना," ते म्हणाले आणि पुढचा बस्ता ओढला.

संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी सुभद्रा सहज म्हणाली, "आमची आजी सांगती, ज्या दिवशी सुताराला जुळं झालं त्याच दिवशी मी झाले. सुईण त्याच्या घरून तशीच आमच्या घरी आली, हात बी धुतले नव्हते म्हने."

मुन्शीजींनी कुलूप तसंच हातात धरलं. "जुळं? आगं मग हे आधी का नाय सांगितलंस?"

"तुमी इचारलं कवा? नाव इचारलं, गाव इचारलं. सुताराच्या जुळ्याचं कोन इचारतं?"

बुधवारी सकाळी काम सोपं झालं. आता मला आणि तिला वाचायचं नव्हतंच. एका खाली एक अशा दोन सारख्या ओळी शोधायच्या होत्या. बापाचं नाव तेच, गाव तेच, तारीख तीच, म्हणजे चित्र तेच. आणि त्यांच्या आसपास सुभद्रा. दुपारचं जेवण कुणी केलं नाही. एक वाजला. दीड वाजला. सुभद्रा बोलायची थांबली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी तिच्याकडं बघत नव्हते. मला करमाडचा तो पाहुणा दिसत होता, गाडीतून उतरताना तिघांनी धरलेला.

अडीचच्या सुमाराला, एकेचाळिसाव्या बस्त्यात, एका कुरतडलेल्या पानावर मला दोन ओळी दिसल्या. सारख्या. बाळाच्या नावाची जागा सोडली तर वेलांटी न् वेलांटी सारखी. मी ओरडलेच. मुन्शीजी आले, वाकले, मग त्यांनी ती वही माझ्या हातातून घेतली, हळूच गोल फिरवली आणि परत टेबलावर ठेवली.

"सापडलं. उलटं धरलंय, पन सापडलं."

जुळ्याच्या खालची ओळ सुभद्राची. बापाचं नाव, गाव, निजामाच्या काळचा फसली महिना, फसली साल. आणि जिथं बाळाचं नाव हवं तिथं नुसतं "मुलगी". सुभद्रा म्हणाली, "सुताराच्या दोघांची नावं लिवली मेल्यानं. माझ्या टायमाला शाई सरली का?" मुन्शीजींनी फसली सालाचं इसवी साल बोटांवर केलं. सतरा वर्षं आणि दोन महिने. मग एक डोळा बारीक करून ते नक्कल लिहायला बसले. माझ्या आयुष्यात मी इतकं सावकाश लिहिणं बघितलेलं नाही. मधे मी म्हणाले, "मी लिहू का, माझं अक्षर चांगलं आहे." त्यांनी नुसतं बघितलं. मी शाईची दौत त्यांच्याकडं सरकवली. पावणेचारला सही झाली, शिक्का बसला. मुन्शीजींनी स्वतः रस्त्यावर जाऊन टांगा अडवला, तिला बसवलं, आणि टांगेवाल्याला दम भरला की घोडा दवाखान्याच्या दारातच थांबला पाहिजे, आधी नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला. ते ती दुसऱ्या दिवशी सांगायला आली, पेढे न घेता. "पेढे पास झाल्यावर," म्हणाली.

दुसरा दिवस म्हणजे गुरुवार. मी सोमवारपासून त्या खिळ्याकडं चोरून बघत होते. मला आशा होती की ते विसरतील, जावक कारकुनाच्या वेळेसारखं. जेवण झालं. मुन्शीजींनी हात धुतले, चिठ्ठी काढली, चष्मा लावून वाचली. यावेळी सगळं लिहिलेलं होतं. उभे राहिले, कोटाची वरची गुंडी लावली आणि रागावले. चांगलं दहा मिनिटं, घड्याळ लावून. मला फक्त शेवटचं आठवतं. "चुकीचं टोक काढलं, ते समजतं मला. मानूस हाय. पन सहा महिने ती दोरी रोज बघितली. घरी जाऊन माझ्या नकला केल्या, ते बी ठावं हाय मला. एकदा तरी इचारलं का, मुन्शीजी, ही सुरू कुठून होती म्हनून?"

मग चिठ्ठीला चिमटा लावला, डाव्या टोकाला सरकवला आणि बसले. विषय संपला. तो त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. बाकीचे सहा जण आपापल्या सवडीनं येऊन माझ्या नावानं ओरडून गेले. त्यांचे कागद मी पुढचे दोन महिने शोधत होते, वही सुलटी धरून. तेवढ्यात थोडं उर्दूही आलं. डायरी कुठं गेली ते आठवत नाही.

मुन्शीजी पुढं निवृत्त झाले. घरी त्यांनी तशीच दोरी बांधली म्हणे. तिसऱ्या दिवशी बायकोनं तिच्यावर चिकवड्या वाळत घातल्या. मुन्शीजींनी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "जुमेरातीला सांगा." मी भेटायला गेले होते तेव्हा ते व्हरांड्यात रिकामे बसलेले. टोपी बाजूला, डोकं उघडं. मी विचारलं, मुन्शीजी, करमतं का? म्हणाले, "लई मजा. सराय बंद केली." पण मी निघाले तेव्हा टोपीखालून त्यांनी एक चिठ्ठी काढून वाचली आणि मला म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी हाय?" ते विचारायचं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

आणि सुभद्रा. ती गेली ती गेलीच. पेढे काही मिळाले नाहीत.

अडीच-तीन वर्षांनी माझं पहिलं बाळंतपण त्याच सरकारी दवाखान्यात झालं. इतकं सगळं शिकूनसुद्धा मी तिथं यादी घेऊन गेले होते. कळा कधी सुरू होतील, किती वेळानं काय करायचं, बाळाला पहिलं काय घालायचं. यादी उशाखाली, आणि मी इतकी ओरडत होते की पलीकडच्या खोलीतल्या बायका स्वतःच्या कळा थांबवून ऐकत होत्या. मी डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हणत होते, आईला बोलवा म्हणत होते, एका आयाबाईला तर सांगितलं की तुम्ही सगळं उलटं करताय. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातली एक ठेंगणी नर्स आत आली. तिनं बाह्या वर केल्या, हात धुतले, अगदी कोपरापर्यंत धुतले, माझ्या पायाशी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली:

"बाई, माझा कागद तुमच्या हातात व्हता, तवा मी अशी वरडले व्हते का?"